मुलांबरोबर आकडे वाचू या

(साक्षरता वर्गाला येणाऱ्या पालकांपुढे केलेले भाषण)



तुम्ही दिवसभर राबून इथे आला आहात. कोणी उसाच्या फडातून आले आहे. कोणी धारा काढून, डेअरीला दूध घालून आले आहे. कोणाच्या घरी अजून भाकऱ्या व्हायच्या असतील. तेव्हा मी फार पाल्हाळ लावणार नाही. एकच गोष्ट सांगणार आहे. मुलांना आकड्यांचा अर्थ लावायला घरी कसे शिकवावे, ही ती गोष्ट.

आकडा वाचणे आणि आकड्याचा अर्थ लावणे, ही दोन निराळी कामे आहेत. पाटीवर ९६ लिहिले तर तुम्ही आता 'शहाण्णव' असे वाचाल. पण शहाण्णव कशाचे? रुपये, किलो, की माणसे? ते कोणी मोजले? ते खरे असतील का? हे प्रश्न विचारता येणे म्हणजे अर्थ लावणे.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "गुरुजी, आम्ही आत्ता कुठं अक्षरं गिरवायला लागलोय. आम्ही पोरांना गणित काय शिकवणार?"

मीही पुष्कळ वर्षे असेच समजत होतो. पालक शाळेत आले की मी त्यांना सांगायचो, "तुम्ही वही-पेन्सिल तेवढी द्या. बाकीचे आमच्यावर सोडा." हे माझे चुकत होते. कसे चुकत होते, ते आधी सांगतो.

माझी चूक

मी त्या वेळी कराडजवळच्या एका गावात शिकवीत होतो. वर्गात सरासरीचा धडा चालू होता. मुलांना मी सांगितले, की आपापल्या घरच्या दुधाचे पाच दिवसांचे आकडे आणा आणि रोजची सरासरी काढा. एका मुलाने आकडे आणले. ते असे होते.

सोमवार, ९.५ लिटर.
मंगळवार, ९.८ लिटर.
बुधवार, ९.२ लिटर.
गुरुवार, ९.७ लिटर.
शुक्रवार, ९.८ लिटर.

त्याने बेरीज केली. ती ४८ आली. बरोबर. मग ४८ ला ५ ने भागले आणि उत्तर लिहिले, ९६ लिटर. मला घाई होती. चाळीस वह्या तपासायच्या होत्या. रीत बरोबर दिसली, म्हणून मी खाली बरोबरची खूण केली.

दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेच्या दारात उभी. हातात ती वही. तिला लिहिता येत नव्हते. आकडे मात्र बाजारामुळे ओळखीचे झाले होते. ती म्हणाली, "गुरुजी, दोन म्हशी दिसाला शहाण्णव लिटर दूध देत्यात व्हय? मग आम्ही हितं कशाला राहिलो असतो? माडी नसती का बांधली?"

सगळा वर्ग हसला. मी वही पाहिली. मुलगा दशांश चिन्ह द्यायचे विसरला होता. उत्तर ९.६ होते. पोराने चूक केली, मी शिक्षक असून ती पाहिली नाही, आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने ती पकडली!

तिने कशी पकडली? तिने भागाकार केला नाही. तिने म्हशी आठवल्या. किटली आठवली. या घरात एवढे दूध मावणारच नाही, हे तिला ठाऊक होते. आकड्यामागची वस्तू तिच्या डोळ्यांपुढे होती. माझ्या डोळ्यांपुढे फक्त वही होती.

म्हणून मी आज तुमच्यापुढे उभा आहे. मुलाला भागाकार शाळा शिकवील. पण आकड्यामागे म्हशी असतात, हे तुम्ही शिकवा. ते तुम्हांला येते.

तुम्ही आलेख वाचता, बरे का!

मुलांच्या पुस्तकात आता हा विषय लहानपणापासून असतो. आधी वस्तू मोजून खुणा करणे येते. मग चित्रालेख येतो, मग स्तंभालेख येतो. पुढे सरासरी आणि वृत्तालेख येतात. नावे जड आहेत. त्यांना भिऊ नका. तुमच्यातल्या पुष्कळ बायकांनी आलेख कधीच वाचला आहे.

अंगणवाडीत लेकराचे वजन करतात ना? ताई वजन पाहते आणि कार्डावर ठिपका देते. दर महिन्याला एक ठिपका. मग ठिपके जोडले की रेघ होते. रेघ वर चालली, की आईचा जीव निवांत होतो. रेघ आडवी झाली, की ती विचारते, "ताई, पोर अंग का धरीना?" आणि रेघ खाली वळली, की ती पोराला घेऊन दवाखाना गाठते. हाच आलेख! रेघ कुठून आली, कुठे चालली आणि आता काय करायचे, एवढेच त्यात पाहायचे असते. ज्या आईला हे कळते, तिने "मला त्यातलं काय कळतंय" असे पोरासमोर म्हणू नये.

पहिले पाऊल: मोजा आणि खूण करा

सुरुवात घरातूनच करा. कोंबड्या रोज किती अंडी देतात? दारावरून दिवसात किती ट्रॅक्टर उसाने भरून गेले? घरात किती घागरी पाणी लागले? जे खरोखर मोजायचे आहे, तेच मोजायला सांगा.

मोजताना मुलाला एक साधी रीत दाखवा. एका वस्तूला एक उभी रेघ. अशा चार उभ्या रेघा झाल्या, की पाचवी त्यांच्यावरून आडवी. पाचांची एक जुडी झाली. मेथीच्या जुड्या मोजाव्या तशा या जुड्या मोजायच्या. तीन जुड्या आणि वर दोन, म्हणजे सतरा. पुस्तकात यालाच ताळ्याच्या खुणा म्हणतात.

खूण त्याच वेळी करायची. संध्याकाळी आठवून केली, की घोळ होतो. मुलगा म्हणेल, "पंधरा ट्रॅक्टर गेले असतील." तुम्ही विचारा, "असतील, का मोजलेस?" हा प्रश्न फार मोलाचा आहे. अंदाज करणे वाईट नाही. पण अंदाजाला अंदाज म्हणावे आणि मोजलेल्याला मोजलेले म्हणावे.

दुसरे पाऊल: ओळीने मांडा

आता मूठभर चिंचोके घ्या. मुलाला म्हणा, सोमवारी तीन अंडी मिळाली ना? मग जमिनीवर तीन चिंचोके ओळीने ठेव. मंगळवारी पाच मिळाली. शेजारी पाच ठेव. असे सात दिवस मांडा. सगळ्या ओळी एकाच रेषेवरून सुरू झाल्या पाहिजेत, आणि चिंचोक्यांमधले अंतर सारखे पाहिजे. हा झाला स्तंभालेख. कागद लागला नाही, पेन्सिल लागली नाही.

मग प्रश्न विचारा. घाईने विचारू नका, एकेक विचारा.

सगळ्यांत लांब ओळ कोणत्या दिवसाची?
सगळ्यांत आखूड कोणती?
दोन्हींत फरक कितीचा?
आठवड्याची मिळून अंडी किती?

इथपर्यंतची उत्तरे चिंचोक्यांत आहेत. मुलगा मोजून सांगेल. मग शेवटचा प्रश्न विचारा, "बुधवारी अंडी कमी का मिळाली?"

मुलगा चिंचोक्यांकडे बघत बसेल. त्याला बघू द्या. उत्तर तिथे नाहीच! उत्तर खुराड्यात आहे. बुधवारी मांजर शिरले असेल. एक कोंबडी खुडूक बसली असेल. किंवा कोणी अंडे आधीच काढून नेले असेल. आकडा 'किती' ते सांगतो, 'का' ते सांगत नाही. 'का' शोधायला उठून जावे लागते. हे ज्या मुलाला लहानपणी कळले, ते पुढे नुसत्या आकड्याला भुलणार नाही.

तिसरे पाऊल: एक चित्र म्हणजे किती?

चित्रालेखात मुले नेमकी इथे अडखळतात. पुस्तकात एका गावापुढे चार सायकलींची चित्रे असतात. मूल लिहिते, चार सायकली. पण खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते, एक चित्र म्हणजे दहा सायकली. तेव्हा उत्तर चाळीस येते.

ही गोष्ट तुमच्या रोजच्या व्यवहारातली आहे. हळदीचे एक पोते म्हणजे एक किलो नव्हे. पोते म्हटले, की तुम्ही लगेच विचारता, किती किलोचे? तसेच चित्र दिसले, की मुलाने विचारले पाहिजे, किती जणांचे? घरी चिंचोक्यांनीच खेळा. आज एक चिंचोका म्हणजे एक रुपया. उद्या एक चिंचोका म्हणजे दहा रुपये. तेच सहा चिंचोके काल सहा रुपये होते, आज साठ झाले. चिंचोके बदलले नाहीत, बोली बदलली. बोली आधी वाचावी, मग चित्रे मोजावीत.

चौथे पाऊल: तक्ता वाचा

तक्ता शोधायला लांब जायला नको. तो तुमच्या खिशात आहे. डेअरीची पावती काढा. तिच्यावर तारीख असते. सकाळ की संध्याकाळ ते असते. लिटर असते, फॅट असते, एसएनएफ असते, दर असतो आणि रक्कम असते. असे दहा दिवसांचे आकडे एकाखाली एक लिहिले, की तक्ता झाला. आडवे वाचले, की एका दिवसाची हकीकत कळते. उभे वाचले, की एकाच गोष्टीची दहा दिवसांची चाल कळते.

ही पावती मुलाला मोठ्याने वाचायला लावा. तुम्ही ऐका. तुमची अक्षरे कच्ची आहेत, त्याची पक्की आहेत. म्हशीची माहिती तुम्हांला आहे, त्याला नाही. दोघे मिळून एक शहाणा माणूस होतो!

मुलगा वाचेल, "फॅट सहा पूर्णांक चार, सहा पूर्णांक पाच, सहा पूर्णांक चार, पाच पूर्णांक दोन." इथे त्याला थांबवा. विचारा, "हा एकच आकडा का घसरला?" त्या दिवशी वैरण बदलली का? म्हैस आजारी होती का? रेडकू आधी प्यायले की नंतर? दूध ढवळून नमुना घेतला होता का? कारण सापडले, तर ठीक. नाही सापडले, तर पावती घेऊन डेअरीत जा आणि शांतपणे विचारा. चूक यंत्राची असेल, लिहिणाऱ्याची असेल किंवा आपलीच असेल. भांडण करायचे नाही, पण विचारायचे जरूर. पोराला बरोबर न्या. कागदावरच्या आकड्याला प्रश्न विचारता येतो, हे त्याने डोळ्यांनी पाहू द्या.

विजेचे बिलही असेच वाचा. त्यावर मागच्या महिन्यांचा वापर युनिटांत दिलेला असतो. कोणत्या महिन्यात वापर वाढला? त्या महिन्यात घरात काय होते? पंखा रात्रभर चालला, की लग्नाला पाहुणे आले होते? मुलीलाही विचारा, बरे का. हिशेबाचा कागद आला, की मुलाला हाक आणि मुलीला चहाचे आधण, असे करू नका.

एक आकडा आणि आकड्यांची रांग

आता जरा महत्त्वाची गोष्ट सांगतो. नीट ऐका.

सांगलीला कृष्णेवर आयर्विन पूल आहे. तो १९२९ साली खुला झाला. पावसाळ्यात या पुलाजवळ पाण्याची उंची फुटांत मोजतात. ४० फूट ही इशाऱ्याची पातळी. ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले. २०१९ साली ते ५७ फुटांच्या वर गेले. २०२१ साली पुन्हा ५४ फुटांच्या वर गेले. सांगलीकर हे आकडे विसरणार नाहीत. कित्येकांची घरे पाण्यात गेली. जनावरे गेली. पोरांची दप्तरे गेली.

पुराच्या दिवसांत सगळीकडे आकडे फिरतात. ते कसे वाचावे? समजा, एका दिवशी पाणी असे चढले.

सकाळी ६ वाजता, ३६ फूट.
सकाळी ९ वाजता, साडेसदतीस फूट.
दुपारी १२ वाजता, ३९ फूट.
दुपारी ३ वाजता, साडेचाळीस फूट.

एक जण शेवटचा आकडा ऐकतो आणि म्हणतो, "धोका पंचेचाळीसला. अजून साडेचार फूट हाय. उद्या बघू." तो एकच आकडा वाचतो.

दुसरा सगळी रांग पाहतो. तो म्हणतो, दर तीन तासांना दीड फूट चढतंय. साडेचार फुटांना किती वेळ लागेल? तीन तासांचे तीन टप्पे, म्हणजे नऊ तास. दुपारी तीन आणि नऊ तास, म्हणजे रात्रीचे बारा! मध्यरात्री, अंधारात, म्हातारी माणसे आणि जनावरे घेऊन निघायचे का? तो दिवस मावळायच्या आत निघतो.

दोघांनी तोच आकडा ऐकला होता. पण एकाला रांग वाचता आली, दुसऱ्याला आली नाही.

इथे एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. पाणी असेच चढत राहील, हे आपण गृहीत धरले. तसे होईलच असे नाही. कोयनेचे पाणी कराडला कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीकडे जाते. वारणा सांगलीजवळ हरिपूरला मिळते. वर पाऊस वाढला किंवा धरणातून जास्त पाणी सोडले, तर नदी आपला हिशेब मोडते. म्हणून घर सोडायची सूचना सरकारकडून आली, की आपला हिशेब बाजूला ठेवावा आणि निघावे. पण सूचना यायच्या आधी भांडीकुंडी कधी आवरायची, हे रांग पाहून कळते.

धरणाचे आकडे ऐकतानाही मुलाला एक फरक सांगा. बातमीत टीएमसी येते आणि क्युसेकही येते. टीएमसी म्हणजे साठलेले पाणी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. कोयना पूर्ण भरली, की त्यात सुमारे १०५ टीएमसी पाणी असते. क्युसेक म्हणजे वाहते पाणी, एका सेकंदाला किती घनफूट ते. तुमच्या टाकीत किती पाणी आहे, हा एक प्रश्न. तोटीतून किती जोरात येते, हा दुसरा प्रश्न. दोन्हींची गल्लत करू नये. खाली राहणाऱ्या माणसाला तोटीची चौकशी आधी करावी लागते!

सरासरीचे गुण आणि दोष

सरासरी म्हणजे सगळ्यांचे एकत्र करून सारखे वाटे करणे. पाच दिवसांचे दूध एका मोठ्या भांड्यात ओतले आणि पाच सारखे वाटे केले. एक वाटा म्हणजे सरासरी. मघाच्या दुधात प्रत्येक दिवस साडेनऊच्या आसपासचा होता. म्हणून ९.६ ही सरासरी खरी वाटते, कामाची वाटते.

पण दर वेळी असे होत नाही. आपला सातारा जिल्हा घ्या. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माणदेशात तो पाचशेच्या आसपास असतो. हिशेबाला सोपे म्हणून एकीकडे ५,५०० धरा आणि दुसरीकडे ५०० धरा. सरासरी आली ३,०००. आता मला सांगा, तीन हजार पाऊस यांपैकी पडतो कुठे? महाबळेश्वरलाही नाही आणि म्हसवडलाही नाही. तो फक्त कागदावर पडतो! त्या पावसावर माणच्या शेतकऱ्याने बाजरी पेरली, तर काय होईल?

म्हणून मुलाला सांगा, सरासरी ऐकलीस, की आणखी दोन आकडे माग. सगळ्यांत कमी किती? सगळ्यांत जास्त किती? बाजार समितीच्या दरपत्रकात हे तिन्ही असतात. किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. हळदीचा कमाल दर ऐकून घरी मनोरे बांधणारा माणूस पट्टी हातात पडली, की खाली बसतो. कमाल दर एखाद्याच उत्तम ढिगाला मिळालेला असतो. आपला माल कुठे बसतो, ते पाहायचे असते.

बुडखा झाकलेला स्तंभ

आता एक गंमत. ती घरी करून दाखवा. मुले खूश होतात.

चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडा. एकीत दहा, दुसरीत बारा. दोन्ही एकाच रेषेवरून. फरक थोडासाच दिसतो. आता दोन्ही ओळींच्या सुरुवातीच्या आठ चिंचोक्यांवर टॉवेल टाका. बाहेर काय राहिले? एकीकडे दोन आणि दुसरीकडे चार. आता दुसरी ओळ पहिलीच्या दुप्पट दिसते!

चिंचोके तेच आहेत. नुसता बुडखा झाकला. काही जाहिरातींत असेच करतात. स्तंभ शून्यापासून काढत नाहीत, मधूनच काढतात. मग थोडासा फरक डोंगराएवढा दिसतो. म्हणून स्तंभ पाहिला, की त्याचा पाय पाहावा. शून्यावर उभा आहे का? मुलाला ही युक्ती एकदा कळली, की ते वर्तमानपत्र घेऊन स्वतःच अशा झाकपाकी शोधत बसते.

शिकवताना काय सांभाळावे

मुलाबरोबर बसाल, तेव्हा तीन गोष्टी सांभाळा.

एक, उत्तर सांगून टाकू नका. "तुला कशावरून वाटलं?" असे विचारा. चुकीचे उत्तर आले, तरी असेच विचारा. बरोबर आले, तरीही विचारा.

दोन, वेळ थोडा घ्या. धार काढताना, शेंगा फोडताना, एसटीची वाट पाहताना पाच मिनिटे पुरतात. एसटीचे वेळापत्रक हाही एक तक्ताच आहे. पोरालाच विचारा, विट्याची पुढची गाडी कधी?

तीन, आपल्याला येत नसेल, तर तसे सांगा. "मलाही ठाऊक नाही, चल बघू," असे आई म्हणाली, तर तिची किंमत कमी होत नाही. उलट मोठी माणसेही शिकतात, हे मुलाला दिसते. "मला काय कळतंय, जा तिकडं" हे वाक्य मात्र घरातून हद्दपार करा.

आपलाच एक आकडा

जाता जाता एक आकडा तुमच्यापुढे ठेवतो. आपण शिकलो तशी त्याची परीक्षा करा.

या जिल्ह्यात साक्षरतेचे काम जुने आहे. सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती महाराष्ट्रभर पसरली. गावेच्या गावे कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवायला बसली. त्यानंतर पुष्कळ वर्षे लोटली. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्यात दर शंभर माणसांत सुमारे ८३ साक्षर निघाली. सांगली जिल्ह्यात सुमारे ८१ निघाली.

आता प्रश्न विचारा. शंभर माणसे कोणती? सात वर्षांची आणि त्याहून मोठी. हे कधीचे? २०११ सालचे, आजचे नव्हे. मोठी ओळ कोणती? साताऱ्याची, पण फरक थोडा आहे. ही झाली पुस्तकातली उत्तरे.

पण आणखी एक प्रश्न राहिला. तो कोणी विचारत नाही. शंभरांतून ८३ गेले. उरलेले १७ कोण?

ते आकड्यात दिसत नाहीत. त्यांना शोधायला उठून जावे लागते. त्यांत पुरुषांपेक्षा बायका जास्त होत्या. शेतावर राबणाऱ्या होत्या, ऊसतोडीला जाणाऱ्या होत्या, धाकट्या भावंडांना सांभाळायला शाळेतून काढलेल्या मुली होत्या. आज या खोलीत बसलेल्या कितीतरी जणी त्या वेळी त्या सतरांतल्या असतील. कागदावर तो एक उरलेला आकडा होता. इथे मला माणसे दिसतात.

ती वही घेऊन आलेली बाई पुढे साक्षरता वर्गाला बसली. तिचा मुलगा घरी तिची पाटी तपासायचा. एकदा तिने मला सांगितले, "गुरुजी, आता त्यो माझ्या पाटीवर खूण करायच्या आधी दोनदा बघतो." मी म्हटले, "बाई, मीही आता दोनदा बघतो."

या आठवड्यात एवढे करा. कोंबड्यांची अंडी असोत, दूध असो, की पाण्याच्या घागरी असोत, सात दिवस मुलाकडून मोजून घ्या. रोजची खूण भिंतीवर करू द्या. पुढच्या वर्गाला येताना ते आकडे घेऊन या, आणि मुलांनाही आणा. आपण सगळे मिळून ते वाचू.